घोड्याला ‘मी ठीक आहे’ पटत नाही!

तुमच्या ग्रुपमध्ये असा एक जण नक्की असेल. लेक्चरला येणं बंद, मेसेज बघतो पण रिप्लाय नाही, विचारलं तर ठरलेलं उत्तर: ‘मी ठीक आहे रे.’ आपणही मान डोलावतो आणि कँटीनकडे वळतो. कदाचित तो जण तुम्ही स्वतःच असाल.

हे उत्तर आईबाबांना चालतं, सरांना चालतं, मित्रांनाही चालतं. घोड्याला मात्र चालत नाही.

घोडा कितीही दांडगा दिसला तरी मुळात तो शिकार होणारा प्राणी. डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना, त्यामुळे जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं. कान सतत फिरत असतात. आजूबाजूला कोण ताणात आहे, हे वेळीच ओळखण्यावर त्याच्या पूर्वजांचा जीव अवलंबून होता. म्हणून तुम्ही मुठी आवळून, श्वास रोखून जवळ गेलात तर तो मागे सरकतो. खांदे सैल सोडलेत, श्वास संथ केलात तर मान खाली घालून पुढे येतो. चारशे-पाचशे किलोंचं जनावर दादागिरीने हलत नाही. त्याला जिंकायचं तर आधी स्वतःला शांत करावं लागतं. आणि कालचं भांडण, एटीकेटी, घरचे टोमणे यांच्याशी त्याला काही देणंघेणं नसतं.

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात फ्लेचर स्ट्रीटवर तबेले आहेत. गरीब वस्ती, ड्रग्ज आणि बंदुका हाताशी. तिथली कृष्णवर्णीय मुलं या घोड्यांवर मोठी झाली. ‘काँक्रीट काऊबॉय’ हा सिनेमा याच जगावर आहे आणि तिथल्या काही खऱ्या घोडेस्वारांनी त्यात कामही केलंय. मला यातलं रायडिंग नव्हे, लीद काढणं महत्त्वाचं वाटतं. दाणापाणी, खरारा, खूर साफ करणं. तुम्ही उठला नाहीत तर कुणीतरी उपाशी राहणार, हे माहीत असणं. ज्याला वाटतं की ‘माझी कुणाला गरजच नाही’, त्याला यापेक्षा ठोस उत्तर कुठल्या भाषणात मिळेल?

मग आपल्याकडे? इथेच घोडं पेंड खातं. आपल्याकडे घोडा म्हणजे नवरदेवाची वरात, माथेरानची सफर, सारंगखेड्याची यात्रा, नाहीतर श्रीमंतांचा क्लब. घोड्यांच्या मदतीने उपचार करणारी केंद्रं मोजकी, तीही बहुतेक मोठ्या शहरांत आणि खर्चिक. एनसीसीची ‘रिमाउंट अँड व्हेटर्नरी’ युनिट्स आहेत, पण तीही थोड्याच ठिकाणी. माझं म्हणणं साधं आहे. जिथे अशी पागा आहे तिथे मेडल मिळवणाऱ्यांसोबत, आठवड्यातून एक सकाळ, नुसता खरारा करू इच्छिणाऱ्या मुलांनाही आत घ्या. सोबत जाणकार मोतद्दार आणि समुपदेशक हवाच. घोड्याचं हितही पाहायला हवं. दिवसभर राबलेल्या जनावराच्या गळ्यात आपलं दुःख बांधणं योग्य नाही.

आणि हो, घोडा म्हणजे जादू नव्हे. यावरचं संशोधन अजून बरंचसं छोट्या गटांवरच झालंय. डिप्रेशनवरच्या औषधाला किंवा डॉक्टरला तो पर्याय नाही. तो जोडीला आहे. बोलायला शब्द सापडत नसतात, तेव्हा हातांना काम देणारा जोडीदार.

पागा जवळ नसेल तरी यातला धडा घेता येतो. त्या मित्राला पुन्हा ‘काय झालं?’ विचारू नका. ‘चल, सोसायटीतल्या कुत्र्यांना खायला घालायचंय, एकट्याने जमत नाही,’ म्हणा. सल्ला देऊ नका, शेजारी चाला. जीव नकोसा झाल्यासारखं तो बोलला, तर मात्र त्याला एकटं सोडू नका. घरच्यांना सांगा आणि १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर त्याच्यासोबत बसून फोन लावा. तिथे मराठीतही बोलता येतं.

घोडा कधी विचारत नाही, ‘ठीक आहेस ना?’ तो कान टवकारून जवळ उभा राहतो. तेवढं तर आपल्यालाही जमेल ना?