झाडांविषयी कोण बोलते?

झाडांवर प्रेम करणाऱ्यांची आपल्याकडे वानवा नाही. पाच जून आला की रोपे येतात, फलक लागतात, भाषणे होतात. पावसाळा सरला की निसर्गभ्रमंतीच्या सहली निघतात. आमच्या कॉलेजातही अशी हौशी मंडळी आहेत आणि मी त्यांच्याबरोबर दोन वर्षे हिंडते आहे. झाडांबद्दल तेथे पुष्कळ ऐकले. मला मात्र बोलायचे आहे ते माणसांबद्दल. या मंडळींत बोलते कोण, आणि गप्प कोण राहते?

देवराईत तीस-पस्तीस जण गेलो तर बोलणारे पाचसहाच असतात. तेच झाडाचे नाव सांगतात, तेच शंका विचारतात, परतल्यावर अहवालही तेच लिहितात. बाकीचे ऐकतात. यावर नेहमी ऐकू येणारा निष्कर्ष असा की, "बाकीच्यांना रस नसतो, ती नुसती सहलीला येतात." मला हे पटत नाही. गप्प राहणाऱ्यांत निम्मी मुले-मुली लांजा, संगमेश्वर, राजापूरकडच्या वाड्यांतून एस. टी. ने येणारी आहेत. त्यांतल्या कित्येकांनी लहानपणी आईबरोबर कवळ तोडली आहे. भाजावळीसाठी ऐनाची कोणती फांदी तोडायची आणि कोणती ठेवायची, म्हणजे झाड पुढच्या वर्षी पुन्हा फुटेल, हे त्यांना कोणी फळ्यावर शिकवलेले नाही. कोणाचे वडील हापूसच्या बागेत घळ घेऊन झाडावर चढतात. मोहोरावर तुडतुडा आला की त्यांच्या घरात बोलणे कमी होते, कारण हंगामाची मजुरी त्यावर असते. अशा मुलांना झाडांत रस नाही असे म्हणणे धाडसाचे आहे.

मग ती बोलत का नाहीत? माझ्या मते एक कारण भाषेचे आहे. "हे झाड कोणते?" असा प्रश्न आला की उत्तर पुस्तकातल्या नावाने द्यायचे असते, हा अलिखित नियम होऊन बसला आहे. 'कुंभा' म्हणावे तर पुढचा प्रश्न येतो, "शास्त्रीय नाव?" 'रातांबा' म्हणावे तर कोणीतरी "म्हणजे कोकम" अशी दुरुस्ती करतो, जणू रातांबा ही चूकच होती! वास्तविक आमच्याकडे झाड आणि फळ रातांब्याचे, आणि त्याची साल सुकवली म्हणजे ती आमसुले होतात. शास्त्रीय नावांना माझा विरोध नाही. गार्सिनिया इंडिका म्हटले की केरळच्या माणसालाही तेच झाड समजते, ही सोय मोठी आहे. पण ऐनाला जुन्या पुस्तकांत टर्मिनॅलिया टोमेंटोसा म्हणत, नव्या पुस्तकांत टर्मिनॅलिया इलिप्टिका म्हणतात. आमच्या वाडीत तो ऐनच आहे. ज्या नावात एवढी स्थिरता आहे ते उच्चारायला एकोणीस वर्षांच्या मुलीने का संकोचावे?

मारुती चितमपल्ली यांचे उदाहरण येथे आठवते. ते वनाधिकारी होते, संस्कृत ग्रंथांचे अभ्यासक होते, २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले आणि २०२५ साली वारले. जंगलातल्या माणसांजवळ बसून त्यांचे शब्द त्यांनी ऐकले व मराठीत आणले. साहेबाने गप्प बसायचे आणि रानातल्या माणसाने बोलायचे, अशी ही उलटी शाळा होती. आपल्या सहलींत ती भरत नाही.

येथवर हे कॉलेजातल्या संकोचाचे प्रकरण वाटेल, आणि तेवढेच असते तर मी लेख लिहिला नसता. पण हीच सवय पुढे गावाच्या बैठकीत जाते व तेथे झाड पडते. आपल्या जिल्ह्यातल्या देवराया पाहा. देवराईतले वाळलेले लाकूडही न्यायचे नाही अशी रीत, आणि काही करायचेच झाले तर ग्रामदेवतेला कौल लावायचा. मूर्तीला तांदूळ किंवा कळ्या लावून उजवा पडतो की डावा ते बघायचे. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. आज अनेक गावांत जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे मोठे देऊळ उभे राहते, त्याला सभामंडप हवा, गाड्या लावायला जागा हवी, आणि मग चार जुनी झाडे 'आड' येतात. बैठक भरते. मानकरी बोलतात, वर्गणी जमवणारे मुंबईकर मंडळ बोलते. कडेच्या वाड्यांतली माणसे मागे उभी असतात. बायका बहुधा नसतातच. ज्या बाईने त्या राईच्या झऱ्यावरून चाळीस वर्षे पाणी आणले तिला झाड गेल्यावर झऱ्याचे काय होईल हे कोणी विचारत नाही. इतिवृत्तात मात्र 'सर्वानुमते' असा शब्द पडतो. हा शब्द मला फार भीतिदायक वाटतो.

कायद्याच्या पातळीवरही मौनाचा अर्थ संमती असाच लावला जातो. शहरातले झाड तोडायचे तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे वर्तमानपत्रात जाहिरात द्यावी लागते आणि झाडावरच नोटीस लावावी लागते. तरतूद चांगली आहे. पण त्या झाडाखाली बसणारी मासळीवाली किंवा चांभार यांनी ती नोटीस वाचून नगरपरिषदेत लेखी हरकत द्यावी, अशी अपेक्षा कोण करील? गावात तर १९६४ चा कायदा, त्याच्या यादीत आंबा, फणस, ऐन, किंजळ, खैर, जांभूळ सगळे आहेत, पण ही यादी वाडीवर किती जणांनी पाहिली असेल? पश्चिम घाटाच्या संवेदनशील क्षेत्राचेही तेच. गाडगीळ समितीने २०११ साली अहवाल दिला, त्यात निर्णय ग्रामसभांपर्यंत नेण्याचा आग्रह होता. नंतर सरकारी अधिसूचनेचे मसुदे निघत राहिले, सहावा ३१ जुलै २०२४ ला निघाला. आपल्या जिल्ह्यातली गावेही त्यात आहेत. हरकती साठ दिवसांत दिल्लीला कळवायच्या. आमच्या आजीने दिल्लीला काय कळवावे, आणि कोणत्या भाषेत?

कोणी म्हणेल, गप्प राहणाऱ्यांनी स्वतः तोंड उघडावे. बोलणाऱ्यांना दोष कशाला? यात तथ्य आहे. बोलणारे पाचसहा नसते तर सहलीच निघाल्या नसत्या, हे मी मान्य करते. आणि गप्प बसण्यात सोयही असते. बोलले तर उद्या नोटीस घेऊन नगरपरिषदेत जावे लागेल, भावकीत वैर येईल, त्यापेक्षा मान हलवलेली बरी. असल्या मौनाची मला कणव येत नाही. पण तोंड उघडायला जागाही लागते. २६ मार्च १९७४ ला उत्तराखंडातल्या रैणी गावी ठेकेदाराची माणसे झाडे तोडायला आली, तेव्हा गावातले पुरुष नुकसानभरपाईसाठी चमोलीला गेलेले होते. गौरादेवी व गावातल्या इतर बायका जंगलात गेल्या आणि झाडे वाचली. चिपको आंदोलनाची ही गोष्ट आपण धड्यासारखी सांगतो. बोलणारी मंडळी त्या दिवशी गावाबाहेर होती, या तपशिलापाशी मात्र कोणी थांबत नाही.

(जाता जाता: आपल्या आंब्याच्या बागांत राखणीला राहणारे नेपाळी कामगार महिनोन्महिने झाडांखाली झोपतात. वानरांची टोळी कोणत्या बाजूने येते ते त्यांच्याइतके कोणाला ठाऊक असणार? झाडांवरच्या एखाद्या व्याख्यानाला त्यांना बोलावल्याचे मी तरी ऐकलेले नाही.)

एक साधन हाताशी आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत समिती आणि लोकांच्या माहितीची नोंदवही असायला हवी. राष्ट्रीय हरित लवादाने त्यासाठी ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातली होती. मुदतीच्या धाकाने भरलेल्या वहीत म्हाताऱ्या माणसांचा आवाज किती उतरणार, याचा अंदाज कोणीही करावा. हे काम आमच्यासारख्या कला शाखेच्या मुलांचे आहे. त्याला प्रयोगशाळा लागत नाही, वही आणि ऐकून घेण्याची तयारी लागते. पुढच्या वर्षी सहलीत पुढे चालायला एखाद्या वाडीतल्या काकीला बोलवावे, नावे तिने सांगावीत आणि आमच्या प्राध्यापकांनी मागाहून शास्त्रीय नावे जोडावीत. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यायची तरतूद आहेच. तेथे ही वही वाचून दाखवावी, म्हणजे देवराईचा विषय निघेल त्या दिवशी बायकांच्या हाती काही लिहिलेले असेल.

या वार्षिकातही त्यासाठी दोन पाने राखून ठेवावीत, अशी संपादक मंडळाला विनंती आहे. पहिल्या पानाचा मजकूर माझ्याकडे तयार आहे. आईने सांगितलेली सव्वीस झाडांची नावे मी उतरवून घेतली आहेत, प्रत्येकापुढे ते झाड कशाला उपयोगी पडते तेही लिहिले आहे. त्यांतल्या चार नावांची झाडे मला लायब्ररीतल्या पुस्तकांत अजून सापडलेली नाहीत.