अबुधाबीची मालकी गेली. मुंबई सिटीची राखीव फळी आता कोठून येणार?

रास अल खोर (दुबई) : मुंबई सिटी फुटबॉल क्लबमधील आपली भागीदारी सोडत असल्याचे सिटी फुटबॉल ग्रुपने 26 डिसेंबर 2025 रोजी जाहीर केले. नोव्हेंबर 2019 मध्ये या समूहाने क्लबचा 65 टक्के हिस्सा घेतला होता. आता सूत्रे पुन्हा रणबीर कपूर आणि बिमल पारेख या मूळ मालकांच्या हाती आली आहेत. समूहामागील भांडवल अबुधाबीचे असल्याने संयुक्त अरब अमिरातीतील मराठी फुटबॉलप्रेमींना या बातमीचे विशेष महत्त्व वाटणे स्वाभाविक आहे. रास अल खोरच्या गोदामांत आणि कार्यशाळांत नोकरी करणाऱ्यांना भारतातील साडेसातचा सामना येथील घड्याळाने सहा वाजता, म्हणजे ऐन घरी परतण्याच्या गर्दीत, मोबाइलवरच पाहावा लागतो. तरीही संघातील प्रत्येक आवक-जावक त्यांना तोंडपाठ असते. मालक बदलल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न उरतो तो एकच : पहिले अकरा कसेबसे जमतील, पण त्यांच्या मागे उभे राहणारे अकरा कोण?

या चर्चेत एक मागणी हमखास पुढे येते, ती म्हणजे ‘ड्राफ्ट परत आणा’. अमेरिकेतील मराठी मंडळींच्या परिचयाची अमेरिकन फुटबॉलची पद्धत त्यामागे असते. नॅशनल फुटबॉल लीगमध्ये 1936 पासून दरवर्षी नवोदितांची निवड होते. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला पहिली पसंती मिळते आणि दुबळ्याला बळ मिळते. इंडियन सुपर लीगनेही आरंभी हाच मार्ग धरला होता. जुलै 2014 मध्ये मुंबईत झालेल्या पहिल्या ड्राफ्टमध्ये 84 भारतीय खेळाडू सहा संघांत वाटले गेले. पुढच्या वर्षी मोजक्या नामवंतांचा लिलाव झाला आणि सुनील छेत्रीसाठी मुंबई सिटीने 1 कोटी 20 लाख रुपये मोजले. जुलै 2017 मधला ड्राफ्ट अखेरचा ठरला. त्यात पहिली निवड जमशेदपूरने केली, ती बचावपटू अनस एडाथोडिकाची, 1 कोटी 10 लाख रुपयांना.

त्यानंतर लीगने जगभरच्या फुटबॉलप्रमाणे करारांची आणि हस्तांतराची खुली बाजारपेठ स्वीकारली. ड्राफ्टच्या आठवणीत रमणारे एक भेद विसरतात. अमेरिकेतील ड्राफ्टमागे शेकडो विद्यापीठांचे संघ आहेत. तेथून दरवर्षी घडवलेले खेळाडू तयार होऊन बाहेर पडतात. भारतातील ड्राफ्टमागे असे काहीच नव्हते. इतर क्लबांनी आधी घडवलेल्या खेळाडूंची ती केवळ वाटणी होती. वाटणी न्याय्य असू शकते. पण वाटल्याने धान्य वाढत नाही.

गणित सोपे आहे. 2014 मध्ये संघ आठ होते आणि मैदानावर किमान पाच भारतीय खेळवणे बंधनकारक होते. म्हणजे पहिल्या अकरांत भारतीयांसाठी 40 जागा. 2017-18 मध्ये संघ दहा आणि भारतीय सहा झाले, जागा 60. 2021-22 पासून परदेशी खेळाडूंची मर्यादा चारवर आली, सात भारतीय अनिवार्य ठरले. आज 14 संघ आहेत. म्हणजे एकाच फेरीत किमान 98 भारतीय पहिल्या शिट्टीला मैदानावर हवेत आणि तितक्याच दर्जाचे बाकावर. जागा अडीचपट झाल्या, पण खेळाडू घडवणाऱ्या संस्था त्या प्रमाणात वाढल्या नाहीत. राखीव फळीची चणचण ही अशी उगमापासूनच सुरू होते.

मुंबई सिटीला ही चणचण सहा वर्षे जाणवली नाही, कारण पाठीशी पैसा आणि जागतिक यंत्रणा होती. 2020-21 मध्ये सर्जिओ लोबेरा यांच्या संघाने शील्ड आणि चषक दोन्ही जिंकले; 2022-23 मध्ये डेस बकिंगहॅम यांच्या संघाने पुन्हा शील्ड आणि मे 2024 मध्ये पीटर क्रॅटकी यांच्या संघाने कोलकात्यात मोहन बागानला 3-1 असे नमवून चषक मिळवला. मात्र त्या विजयानंतरची गळती पाहण्यासारखी आहे. होर्खे परेरा दियाझ, अल्बर्टो नोगेरा आणि राहुल भेके बंगळूरुला गेले; मधल्या फळीचा कणा असलेला अपुइया मोहन बागानकडे. पुढच्या वर्षी मेहताब सिंगही मोहन बागानला आणि बिपिन सिंग ईस्ट बंगालला गेला. विकत आणलेली खोली तितक्याच सहजतेने विकली जाते किंवा करार संपताच निघून जाते.

यातले राहुल भेके हे नाव मराठी वाचकाने विशेष लक्षात घ्यावे. मुंबईचा हा बचावपटू 2017 च्या ड्राफ्टमधून बंगळूरुकडे गेला आणि मार्च 2019 मध्ये अंतिम सामन्यातील एकमेव गोल त्याचाच होता. त्यानंतर तो आपल्या शहराच्या संघात आला. एप्रिल 2022 मध्ये रियाधला एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबवर मुंबई सिटीने 2-1 असा विजय मिळवला, तेव्हा निर्णायक गोल भेकेचा होता. या स्पर्धेतील भारतीय क्लबचा तो पहिला विजय. तेव्हा मैदानावर जास्तीत जास्त चार परदेशी चालत. उरलेला भार भारतीयांनीच उचलायचा होता. तीन आठवड्यांच्या आत सहा सामने खेळून अबुधाबीच्या अल जझीराला एकदा बरोबरीत रोखणारा हा संघ सात गुणांसह गटात दुसरा आला. अल शबाबकडून 3-0 आणि 6-0 असे पराभवही पदरी पडले. पण देशी फळी भक्कम असली की काय साधते, हे त्या एप्रिलने दाखवले.

असे भेके आणखी का निघत नाहीत? उत्तर महाराष्ट्राच्याच अलीकडच्या इतिहासात आहे. महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुणे एफसीचा वरिष्ठ संघ 2015 मध्ये थांबला. मुंबई एफसी आणि डीएसके शिवाजीयन्स 2017 मध्ये मागे पडले. एफसी पुणे सिटी 2019 मध्ये विसर्जित होऊन त्याची जागा हैदराबादने घेतली. दहा वर्षांत पाच व्यावसायिक दारे मिटली. कोल्हापुरात पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस क्लब यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियम आजही भरते. पण त्या मैदानावरून व्यावसायिक लीगपर्यंत नेणारी शिडीच राहिली नाही. कोल्हापूरचा अनिकेत जाधव 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात खेळला. पुढे जमशेदपूर, हैदराबाद, ओडिशा असे त्याचे क्लब झाले. महाराष्ट्रातील गुणवत्ता अन्य राज्यांच्या राखीव फळीला बळ देत राहिली.

आताचा काळ अधिक कठीण आहे. महासंघ आणि लीगचे आयोजक यांच्यातील 15 वर्षांचा करार 8 डिसेंबर 2025 रोजी संपला. तत्पूर्वीच जुलैमध्ये हंगाम स्थगित झाला होता आणि ऑगस्टमध्ये बंगळूरुने खेळाडूंचे वेतन थांबवले होते. अखेर 14 फेब्रुवारी 2026 पासून सुरू झालेला हंगाम एकेरी फेरीचा, प्रत्येक संघाला अवघे 13 सामने देणारा आहे. इतक्या आखूड हंगामात प्रशिक्षक राखीव खेळाडूला मैदानावर उतरवण्याचे धाडस क्वचितच करतात. बाकावर बसलेला वीस वर्षांचा मुलगा बाकावरच एकवीस वर्षांचा होतो.

रास अल खोरच्या जुन्या मोटारींच्या बाजारात कुणीही जाणता ग्राहक केवळ रंग पाहून सौदा करत नाही. गाडी किती धावली, देखभाल कुठे झाली, हे आधी विचारतो. संघाचे मूल्यमापनही याच कसोटीवर व्हावे. नव्या परदेशी आघाडीपटूच्या नावाने हुरळून जाण्याऐवजी समर्थकांनी तीन गोष्टी तपासाव्यात. प्रत्येक जागेवरच्या दुसऱ्या खेळाडूचे वय काय आणि त्याने गेल्या हंगामात किती मिनिटे खेळली? किती भारतीयांचे करार या हंगामापलीकडे जातात? आणि क्लबच्या राखीव व युवा संघांना वर्षाकाठी किती स्पर्धात्मक सामने मिळतात?

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर सर्वांत महत्त्वाचे. अबुधाबीच्या पैशाने मुंबईला करंडक दिले, हे मान्य करावेच लागेल. परंतु मुंबई, पुणे आणि कोल्हापूर यांना जोडणारी खेळाडूंची साखळी त्यातून उभी राहिली नाही. मूळ मालकांकडे आता तेवढा पैसा नसेल, तर तोच या कामाला लागण्याचा सबळ हेतू ठरावा. कारण बाजारात महाग पडणारा खेळाडू घरी घडवणे, एवढाच मार्ग कमी पैशाच्या क्लबाला खुला असतो.