भिंतीला खिळा ठोकू नये

आईच्या निधनानंतर पुण्यातला तिचा छोटा फ्लॅट भाड्याने द्यायचे ठरले, तेव्हा दलालाने चार गोष्टी सुचवल्या. रंग स्वस्तातला लावा, नाहीतरी तो खराबच होणार; गादी जुनी चालेल; चांगले पंखे काढून न्या, त्या जागी साधे बसवा; आणि भिंतीला खिळा ठोकू नये, असे करारात स्पष्ट लिहा. मी मान डोलावली. परतताना लक्षात आले की, तासिका तत्त्वावर शिकवत असताना मी ज्या पाच घरांत राहिले, त्या पाचही घरांच्या मालकांना कोणीतरी हेच सांगितले असले पाहिजे, आणि त्यांनीही अशीच मान डोलावली असली पाहिजे. प्रस्तुत लेख या मान डोलावण्याविरुद्ध आहे. म्हणजे सर्वप्रथम माझ्याविरुद्ध आहे.

मराठीत एक सुंदर शब्द होता : बिऱ्हाड. 'आमच्याकडे दोन बिऱ्हाडे आहेत' असे वाड्याचा मालक म्हणे, तेव्हा त्यात चूल, पाळणा, लोणच्याच्या बरण्या आणि माणसे असे सगळेच येई. पुढे 'भाडेकरू' हा शब्द रूढ झाला. त्यात उरला तो फक्त भाडे भरणारा. आज 'लिव्ह अँड लायसन्स'च्या करारात तोही उरलेला नाही. तिथे आहे 'परवानाधारक', म्हणजे दुसऱ्याच्या जागेत वावरण्याची तात्पुरती मुभा मिळालेला इसम. कायद्याला हा भेद करावा लागतो, हे मान्य. पण आपण घर सजवतो तेही या शेवटच्या शब्दासाठीच, माझी तक्रार आहे ती याविषयी.

मालकांच्या भीतीला इतिहास आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या भाड्याशी बांधले. त्या भाड्यात वाड्याची कौलेही शाकारता येईनात. डागडुजी थांबली, पागडी फोफावली. पुढे १ फेब्रुवारी १९७३ रोजी जागेत असलेल्या परवानाधारकांनाही दुरुस्तीने भाडेकरूचे संरक्षण मिळाले, आणि 'एकदा आत आला की निघत नाही' ही धास्ती मध्यमवर्गाच्या हाडीमाशी खिळली.

पण तो काळ सरला. ३१ मार्च २००० पासून लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ नुसार परवान्याची मुदत संपताच जागा सोडावी लागते. न सोडल्यास दुप्पट दराने भरपाई द्यावी लागते. नवा परवानाधारक आज पूर्णपणे मालकाच्या मर्जीवर आहे. तरीही आपण जपतो ती भीती १९७३ चीच. अकरा महिन्यांचे उदाहरण घ्या. वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्याला नोंदणी सक्तीची, म्हणून ही पळवाट निघाली. कलम ५५ ने महाराष्ट्रात असा प्रत्येक करार, मुदत कितीही असो, लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक केले व ती जबाबदारी मालकावर टाकली. पळवाट बुजली, आपण मात्र सवयीने अजून अकरापर्यंतच मोजतो.

ही भीती फर्निचरच्या रूपाने घरात उभी असते. 'सेमी-फर्निश्ड' म्हणून दाखवलेल्या घरात मी काय पाहिले? लोखंडी कपाट, ज्याचा एक कप्पा मालकाच्या कुलपात. डबल बेड, ज्याच्या खोक्यात मालकाच्या सुनेच्या रुखवताची भांडी. माळ्यावर मालकाचे जुने ट्रंक. एका घरात तर देव्हाऱ्याचा कोनाडाच मालकाने राखून ठेवला होता. वर्षातून एकदा येऊन ते तिथे दिवा लावत. भाडे मात्र पूर्ण क्षेत्रफळाचे. पुस्तकांसाठी फळी पाचांपैकी एकाही घरात नव्हती, आणि ती ठोकण्याची परवानगीही नव्हती. तीन वर्षे माझा शब्दकोश खोक्यात राहिला.

यावर ठरलेला आक्षेप असा की, 'लोक घराची नासाडी करतात.' काही करतातही. त्यासाठीच अनामत असते. परंतु नासाडी कोणती आणि वापर कोणता, हे आपण कधी ठरवतो का? भिंतीवर कॅलेंडर लावणे हा वापर आहे. फोडणीने ओट्यामागची फरशी पिवळी पडणे हाही वापरच. केंद्राने २०२१ मध्ये मंजूर केलेल्या आदर्श भाडेकरार कायद्यात निवासी जागेची अनामत दोन महिन्यांच्या भाड्यापुरती मर्यादित आहे. वेगळे ठरले नसेल तर भिंतींची रंगसफेदी, नळाचे पाइप आणि वायरिंग मालकाकडे, तर नळाचा वॉशर, बटणे, सॉकेट भाडेकरूकडे, अशी विभागणीही आहे. राज्याने स्वीकारल्याखेरीज असा नमुना कायदा बंधनकारक ठरत नाही, हे खरे. पण शहाणपण स्वीकारायला राजपत्राची वाट कशाला पाहायची? 'रंगाचे पैसे' म्हणून अनामतीतून रक्कम कापणारा मालक वस्तुतः काळ लोटल्याचा दंड भाडेकरूकडून वसूल करत असतो.

पु. लं.च्या 'बटाट्याची चाळ'मधली सारी बिऱ्हाडे भाड्याचीच. त्या भाड्याच्या खोल्यांवर मराठी वाचकाने पिढ्यान्‌पिढ्या जीव लावला. तोच वाचक स्वतः मालक झाला, की आपल्या जागेत कुणाचा जीव गुंतू नये याचा बंदोबस्त करतो. या विसंगतीची आपल्याला लाज वाटली पाहिजे.

घर भाड्याने देण्यासाठी तयार करणे म्हणजे प्रथम ते रिकामे करणे. मी आईचे कपाट माझ्याकडे आणले; त्याला जागा करताना माझ्याच घराची अडचण झाली, आणि ती मीच सोसायला हवी होती. माळा मोकळा केला. पैसे घातले ते न दिसणाऱ्या ठिकाणी : वायरिंग, अर्थिंग, न्हाणीघरातली ओल, खिडक्यांच्या जाळ्या. प्रत्येक खोलीत ड्रिल लावून खुंट्या बसवल्या, बाहेरच्या खोलीत भिंतभर फळ्या. वस्तूंची यादी छायाचित्रांसह दोन प्रतींत केली, उभयतांच्या सह्यांसाठी. अनामत दोनच महिन्यांची ठेवली.

"ताई, एवढे कोणी करत नाही," दलाल म्हणाला. त्याचे म्हणणे खोटे नव्हते, आणि आक्षेप नेमका त्यालाच आहे. खिळ्याचे ते कलम मी मसुद्यातून काढून टाकले आहे. भिंत माझ्या नावावर आहे. पण जो तिच्याआड रोज झोपणार आहे, त्याला तिच्यावर आपल्या आईचा फोटो लावण्यासाठी माझी परवानगी लागू नये.