याच्यात ‘पॉवर’ काय आहे, हे विचारणं बंद करा!

वाशिंद, खडवली, आसनगाव, शहापूर आणि मुरबाडकडच्या बंधुभगिनींनो,

आमची मुलं ऑटिस्टिक आहेत, म्हणजे स्वमग्न. हे कळलं की समोरच्याचा पहिला प्रश्न ठरलेला : ‘‘मग याच्यात पॉवर काय आहे? गणितं सोडवतो? कुठल्याही तारखेचा वार सांगतो?’’ नाही म्हटलं की माणूस हिरमुसतो. पेढ्यांचं आमंत्रण देऊन आम्ही त्याची पाण्यावर बोळवण केली जणू. लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘‘मग बरा कधी होणार?’’ म्हणजे पोरगं एक तर जगावेगळं हुशार हवं, नाहीतर चारचौघांसारखं. जसं आहे तसं राहायला त्याला गावात जागा नाही. ती जागा मागायला हे पत्रक काढलं आहे.

ही ‘पॉवर’ आली कुठून? सिनेमातून. 1988 साली ‘रेन मॅन’ आला. डस्टिन हॉफमनने त्यात रेमंड नावाचा स्वमग्न माणूस रंगवला आणि ऑस्कर मिळवलं. हा रेमंड जमिनीवर सांडलेल्या काड्या एका नजरेत मोजतो, जुगारात पत्ते लक्षात ठेवून भावाला पैसे जिंकून देतो. ऑटिझम म्हणजे हेच, असं जगाने ठरवून टाकलं. गंमत अशी की ज्या किम पीक यांच्या अफाट स्मरणशक्तीवरून हे पात्र सुचलं, ते स्वमग्न नव्हतेच. मेंदूचे दोन भाग जोडणारा दुवा त्यांना जन्मतः नव्हता. अशी असामान्य करामत स्वमग्न माणसांपैकी, जुन्या अंदाजाप्रमाणे, दहात एकाकडे असते. उरलेल्या नऊ जणांवर सिनेमा निघत नाही, कारण त्यांच्यावर तिकिटं खपत नाहीत.

‘माय नेम इज खान’मधला (2010) रिझवान मोडकी वस्तू हातात आली की दुरुस्त करतो आणि अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांना भेटायला निघतो. आमच्या मुलांना तहसील कचेरीच्या रांगेत अर्धा तास उभं राहता आलं तरी आम्ही देवाला नारळ फोडू. ‘कोई मिल गया’चा रोहित तर स्वमग्न नाहीच, तरी आमच्या पोरांना त्याच्या नावाने हाका मारतात. त्याला आकाशातून ‘जादू’ नावाचा परग्रहावरचा पाहुणा येऊन बरं करून गेला. ते साल 2003. त्या जादूचे एजंट अजून फिरताहेत, त्यांचा समाचार पुढे घेऊ.

मराठीतही आपण फार मागे नाही. ‘चौकट राजा’ (1991) पाहून रडला नाही असं घर सापडणार नाही. दिलीप प्रभावळकरांचा नंदू विसरता येत नाही, ते काम थोरच आहे. पण नंदूला लहानपणी डोक्याला मार लागला होता. स्वमग्नता हा मार नाही, अपघात नाही. तरी तेव्हापासून बोलण्यावागण्यात वेगळं दिसणारं प्रत्येक मूल आपल्याकडे नंदू झालं आणि त्याच्या वाट्याला आलं ते ‘अरेरे’. अरेरेने शाळेत प्रवेश मिळत नाही.

चांगलं झालं तेही सांगतो. ‘यलो’ (2014) सिनेमात डाउन सिंड्रोम असलेल्या गौरी गाडगीळने स्वतःची भूमिका स्वतः केली. 2025च्या ‘सितारे जमीन पर’मध्ये वेगळ्या मेंदूघडणीचे दहा कलाकार खरेखुरे आहेत, कुणी त्यांची नक्कल केलेली नाही. आमची मुलं तो सिनेमा बघताना पडद्याकडे बोट दाखवून हसली. तरी गोष्ट सुधारण्याची आहे ती त्यांना शिकवणाऱ्या कोचच्या, हे आमच्या नजरेतून सुटलेलं नाही. आपल्या मुलांनी दुसऱ्या कुणाला माणूस बनवण्यासाठी जन्म घेतलेला नाही.

आता गावच्या स्टेजकडे या. स्नेहसंमेलन असो की गणपतीतली नाटिका, एक ‘येडा’ लागतोच. तोंड वाकडं, हात लुळा, शब्द तोतरा, आणि समोर टाळ्या. पहिल्या रांगेत आमचं मूल असतं, शेजारी त्याची बहीण मान खाली घालून बसलेली असते. अशीच थट्टा केली म्हणून ‘आँख मिचोली’ या हिंदी सिनेमावरून अपंग हक्क कार्यकर्ते निपुण मल्होत्रा सर्वोच्च न्यायालयात गेले. 8 जुलै 2024 रोजी सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला. सिनेमाला कात्री लावली नाही, ते बरंच झालं. पण अपंगत्व समजायला मदत करणारा विनोद वेगळा आणि अपंग माणसाला खाली ढकलणारा विनोद वेगळा, हा फरक लिहून दिला आणि अशी पात्रं रंगवताना त्या माणसांना विचारा, असं बजावलं. विनोद करा ना! आमच्या घरात रोज विनोद होतात. पण स्क्रिप्ट लिहिताना एकदा आमच्या घरी येऊन चहा प्या.

तर मग ऑटिझम म्हणजे काय? कसारा लोकलची वाट पाहत वाशिंद स्टेशनवर बसलेला आमच्यातला एक पाच वर्षांचा मुलगा बघा. बाटल्यांची झाकणं बाकावर एका रेषेत लावतोय. एक जरी हललं तरी सगळी पुन्हा लावणार. गाडीचा भोंगा वाजायच्या आधीच कान दाबतो. आनंद झाला की पंजे फडफडवतो, चवड्यांवर चालतो. गाडीतली ‘पुढील स्टेशन’ची घोषणा मराठी, हिंदी, इंग्रजी, तिन्ही भाषांत, त्या बाईंच्या आवाजाच्या चढउतारासकट म्हणून दाखवतो. बाजूचे काका म्हणतात, ‘‘वा, काय हुशार आहे!’’ पण तहान लागली तर त्याला ‘पाणी’ म्हणता येत नाही. आईचा हात धरून तो तिला नळापाशी नेऊन उभा करतो. ऐकलेलं जसंच्या तसं म्हणणं आणि हवं ते मागणं, यात केवढं अंतर आहे हे काकांना कळलं, तर अर्धं काम झालं.

दुसरी एक मुलगी दहावीत आहे. घडाघडा बोलते. पण वर्गातल्या मुलींचं कुजबुजणं, टोमणा, थट्टा तिला उमजत नाही. दिवसभर इतरांची नक्कल करून वेळ मारून नेते आणि घरी आल्यावर कोलमडते. मुलींचा ऑटिझम बऱ्याचदा असा झाकला जातो, निदानच होत नाही. दोघांची स्थिती एकच, रूपं दोन. एक स्वमग्न मूल पाहिलं म्हणजे सगळी पाहिली, असं होत नाही.

झालं कशामुळे? बहुतांश जनुकांमुळे, मेंदूची घडण पोटातच वेगळी होते. लसीमुळे नाही. अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरने 1998 साली अवघ्या 12 मुलांवरून गोवराच्या लसीवर संशय घेतला. ‘लॅन्सेट’ने 2010 साली तो लेख मागे घेतला आणि त्याच वर्षी वेकफिल्डची डॉक्टरकीही गेली. 2019 साली डेन्मार्कमध्ये साडेसहा लाखांवर मुलं तपासली, लसीचा संबंध सापडला नाही. 2022च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगावात गोवराची साथ आली, मुलं दगावली. लस चुकवू नका.

मोबाइलमुळेही नाही. बाल्टिमोरच्या डॉ. लिओ कॅनर यांनी 11 मुलांची नोंद छापली ती 1943 साली, तेव्हा टीव्हीसुद्धा घरोघरी नव्हता. मोबाइल कमी करा, त्याने बोलणं मागे पडतं हे खरं. पण ऑटिझम त्यातून आला नाही. आणि आईमुळे तर मुळीच नाही! ‘थंड आई’मुळे मूल असं होतं, हे खूळ अमेरिकेतल्या शहाण्यांनी वीसेक वर्षं चालवलं, मग ते मोडीत निघालं. आपल्याकडे अजून चालू आहे. सप्टेंबर 2025मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी गरोदरपणातल्या पॅरासिटॅमॉलवर खापर फोडलं. जागतिक आरोग्य संघटनेने लगेच सांगितलं, तसा ठाम पुरावा नाही. तोवर इथे सासूने सुनेला विचारून झालं होतं, ‘‘किती गोळ्या खाल्ल्यास गं?’’

बरा कधी होणार? हा आजार नाही, त्यामुळे ‘बरा’ होणं नाही. वाढणं आहे, शिकणं आहे. बोलायला, मागायला, कपडे घालायला शिकवता येतं. स्पीच थेरपी आणि ऑक्युपेशनल थेरपीचा उपयोग होतो आणि जितक्या लवकर सुरुवात तितकं बरं. याउपर जो कोणी ‘सहा महिन्यांत गॅरंटी’ म्हणेल तो तुमच्या जमिनीच्या सातबाऱ्याकडे बघतोय असं समजा. ऑटिझमसाठी स्टेम सेलचा उपचार देणं हे डॉक्टरच्या पेशातलं गैरवर्तन ठरेल, असं राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डिसेंबर 2022मध्ये सांगितलं. तरी लोक त्यासाठी दागिने विकतात. दुसरीकडे भगत. बाहेरचं आहे म्हणून मुलाला मारहाण करणं, धुरी देणं हा 2013च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. मतिमंद माणसात दैवी शक्ती आहे असं भासवून त्याचा धंदा मांडणं हाही त्याच कायद्याखाली गुन्हा आहे. सिनेमातली पॉवर आणि देव्हाऱ्यातली पॉवर एकाच गल्ल्यात जमा होतात, हे कायदा करणाऱ्यांना कळलं होतं.

आणखी एक उपाय सुचवला जातो : ‘‘लग्न करून द्या, सुधारेल.’’ खरी स्थिती लपवून गरीबाघरची मुलगी आणायची आणि तिला बिनपगारी आया करायचं, याला आम्ही उपाय म्हणत नाही. स्वमग्न माणसं लग्नं करतात, संसारही करतात; पण दोघांनी जाणूनबुजून हो म्हटल्यावर.

आता हक्काचं. 1995च्या अपंग कायद्याच्या यादीत ऑटिझम नव्हता. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत तो आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्तीचं प्रमाणपत्र असेल तर 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षण हा हक्क आहे, जवळच्या शाळेत की विशेष शाळेत हे पालक ठरवतील. शाळेने ‘आमच्याकडे सोय नाही’ म्हणून फाटकातून परत पाठवायचं नाही. दहावीला लेखनिक आणि जादा वेळ मिळतो. मार्च 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्राथमिकला अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक नेमायला सांगितलं. आपल्या झेडपीच्या शाळेत तो दिसतो का, बघून या. ‘निरामय’ योजनेत एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. मूल अठराचं झालं की बापही कायद्याने आपोआप पालक राहत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडून पालकत्व घ्यावं लागतं. हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं म्हणून छापतोय.

तपासणीची सोय कागदावर चांगली आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत यायला हवं. पण दिवाळीनंतर कातकरी, ठाकूर कुटुंबं वीटभट्टीवर जातात, पोरं भट्टीच्या कडेला असतात आणि पथक पाड्यावर येतं तेव्हा झोपडीला कडी असते. त्या मुलाला नावाने हाक मारली तर वळतं का, बोटाने चंद्र दाखवतं का, हे बघणार कोण? वर्षाचं मूल हाकेला वळत नसेल, दीड वर्षाचं बोट करून काही दाखवत नसेल किंवा आलेले शब्द गमावत असेल, तर ‘बापही उशिराच बोलला होता’ म्हणत थांबू नका. अंगणवाडीताई, आशाताई, तुमच्या यादीत भट्टीवरची पोरं घ्या. प्रमाणपत्रासाठी 40 मुद्द्यांची ‘इसा’ चाचणी होते. त्यासाठी ठाण्याला जावं लागतं, आणि मुरबाडला तर अजून रेल्वेही नाही. भोंगा, गर्दी, घाम, त्यातून पोचल्यावर पोरगं किंचाळलं तर लोक म्हणतात, ‘‘हातपाय तर धड आहेत!’’ प्रमाणपत्राचं शिबिर तालुक्याला, शहापूर आणि मुरबाडला, ठरलेल्या तारखेला घ्या, ही आमची पहिली मागणी.

दुसरी मागणी मंडळांकडे. डीजे आमच्या मुलांच्या कानात ड्रिल मशीनसारखा घुसतो. तेव्हा मूल ओरडतं, डोकं आपटतं, तो हट्ट नसतो. शाळेसमोर आणि सांगितलेल्या घरांसमोर आवाज बंद करा, ढोलताशा पुढे न्या.

तिसरी सगळ्यांकडे. स्वमग्न मुलं न सांगता घराबाहेर पडतात आणि पाण्याकडे ओढली जातात. इथे एका बाजूला भातसा आहे, दुसऱ्या बाजूला रूळ. एकटं मूल दिसलं, नाव विचारून उत्तर आलं नाही, तर ओरडू नका, घेराव घालू नका. एकाने शांतपणे जवळ राहा, दुसऱ्याने पोलीसपाटलांना फोन करा. नदीकडे आधी माणूस पाठवा.

चौथी ग्रामपंचायतीकडे. स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे, असा नियम आहे. येत्या ग्रामसभेत आम्ही मागच्या तीन वर्षांचा हिशेब लेखी मागणार आहोत : किती जमा, किती खर्च, कुणावर. स्वमग्न मुलाच्या नावाने एक रुपया तरी आहे का? आमच्यातले निम्मे जण मूल सांभाळायचं म्हणून सभेला येऊ शकणार नाहीत. तुम्ही या, हात वर करा आणि हा एक प्रश्न इतिवृत्तात लिहायला लावा.

— वाशिंद परिसरातील स्वमग्न मुलामुलींचे पालक