भुयारात हरवलेला विषय

विशाल फुरिया यांचा ‘लपाछपी’ (2017) हा मराठी भयपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्याच्या हिंदी अवताराच्या, म्हणजे ‘छोरी’च्या (2021), पुढील भागाविषयी उत्सुकता असणे स्वाभाविक होते. एप्रिल 2025 मध्ये आलेल्या ‘छोरी 2’ने मात्र निराशा केली.

मूळ कल्पना विलक्षण होती. उसाच्या फडातील एकाकी घर, गर्भवती स्त्री आणि मारल्या गेलेल्या मुलींची छाया. ‘लपाछपी’त भुतांपेक्षा उषा नाईक यांनी साकारलेल्या, माया लावणाऱ्या वृद्धेचेच भय अधिक वाटे. दुसऱ्या भागात भुयार आले, मुली मागणारा अमानवी ‘प्रधान’ आला आणि सारा दोष त्याच्या माथी गेला. प्रेक्षक निर्धास्त! ऊन न सोसणारी चिमुरडी हा धागाही (बालरोगतज्ज्ञास तर त्याचा मोहच पडावा) अर्ध्यावर सुटतो.

वास्तवात या कृत्यास राक्षस लागला नाही. सोनोग्राफीचे यंत्र पुरले, आणि ते चालविणारे हात आपल्याच व्यवसायातील होते. गर्भलिंगनिदानाविरुद्ध महाराष्ट्राने 1988 मध्ये देशात प्रथम कायदा केला, 1994 मध्ये केंद्राने केला. तरीही 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे मुली महाराष्ट्रात 894, आपल्या मध्य प्रदेशात 918 आणि मुरैना जिल्ह्यात अवघ्या 829 होत्या. ही घरे भुयारात नाहीत, भरवस्तीत आहेत. त्यांतील सासू, नवरा आणि दवाखान्यातील डॉक्टर यांच्यावर भयपट रचण्याचे सामर्थ्य फुरिया यांच्यापाशी निश्चित आहे. ‘लपाछपी’त ते दिसले होते.