मनोरुग्णांना काम द्यावयाचे, पण कोणाच्या हातून?

वसईच्या पूर्वेस सातिवली, वालीव, गोखिवरे या टापूत लहानमोठ्या कारखान्यांचे गाळे दाटीने उभे आहेत. कोठे सुटे भाग जोडले जातात, कोठे माल खोक्यांत भरला जातो. मनोरुग्णालयातून बरा होऊन आलेल्या माणसास यांपैकी एखादे काम मिळाले तर त्याचा संसार सावरेल, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. परंतु त्याने त्या गाळ्याच्या दारापर्यंत पोहोचावे कसे? औषधाने भ्रम निवळतात, झोप लागते. पण वेळेवर उठणे, दाढी करणे, डबा घेऊन लोकल पकडणे, मुकादमाचे टोचून बोलणे सोसणे आणि हातातले काम तडीस नेणे, या गोष्टी कोणत्याही गोळीत नसतात. त्या शिकवाव्या लागतात. आणि शिकविण्याचे जे शास्त्र आहे त्यासच व्यवसायोपचार म्हणतात.

या शास्त्रात मुंबईचा मान मोठा आहे. आशियातील पहिली व्यवसायोपचार शाळा १९५० साली के. ई. एम. रुग्णालयात निघाली, ती जन्माने अमेरिकन असलेल्या श्रीमती कमला निंबकर यांच्या खटपटीमुळे. १९५२ साली या व्यवसायाचा जागतिक संघ स्थापन झाला तेव्हा संस्थापक देशांत भारत होता. पुढे नायर, शीव व नागपूर येथेही शिक्षणाची सोय झाली. हे सारे भूषणावह खरेच. पण चार वर्षांहून अधिक काळ शिकून बाहेर पडणारा पदवीधर ठाणे किंवा येरवडा येथील विशाल मनोरुग्णालयाच्या प्रत्येक कक्षात दिवसभर बसेल, ही अपेक्षाच व्यर्थ होय. मग रुग्णाचा दिवस कोणाच्या हाती? परिचराच्या! आणि त्याचे मुख्य काम राखणीचे. रुग्ण पळून जाऊ नये, मारामारी करू नये, एवढे पाहिले की त्याची पाळी संपली. दोष त्याचा नव्हे.

तज्ज्ञ आणि परिचर यांच्यामधली ही जागा भरणारा शिकलेला सहायक आपल्याकडे रुजलाच नाही. अमेरिकेतील व्यवसायोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९५८ साली सहायकांच्या शिक्षणाची योजना मान्य केली, ती आरंभी मनोरुग्णालयांसाठीच होती, हे येथे ध्यानात घ्यावे.

सहायकाने शिकावयाचे काय? शिवण, विणकाम, बागकाम यांपैकी थोडेफार त्यास यावयास हवेच; परंतु हस्तकलेचा शिक्षक वेगळा आणि हा वेगळा. चौघांत बसण्याची ज्यास भीती वाटते त्यास हळूहळू चौघांतले काम द्यावयाचे. ज्याचे चित्त पाच मिनिटे ठरत नाही त्यास पाच मिनिटांत पुरे होणारे काम द्यावयाचे, आणि काय घडले ते टिपून तज्ज्ञास सांगावयाचे. माणूस पाहून काम निवडावे, कामासाठी माणूस निवडू नये, हे यातले मर्म आहे.

ते सुटले की काय होते? ज्याचा हात चालतो त्याच्याकडून वर्षानुवर्षे चादरी धुवून घेतल्या जातात. ज्याचा हात थरथरतो तो कोपऱ्यात बसून राहतो. पहिल्याची गरज रुग्णालयास असते, म्हणून त्याच्या घरी जाण्याची कोणास घाई नसते! २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने कामाची सक्ती निषिद्ध ठरविली आणि केलेल्या कामाचा योग्य मोबदला रुग्णाचा हक्क मानला, तो उगाच नव्हे. सहायक म्हणजे फुकटच्या मजुरीवरील नवा मुकादम होणार असेल तर तो नसलेला बरा.

अर्धवट शिकलेल्यांच्या हाती रुग्ण देता काय, असे तज्ज्ञमंडळी विचारतील. आम्ही उलट विचारतो, आज तो कोणाच्या हाती आहे? संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी किमान २,००० तासांचे शिक्षण २०२१ च्या केंद्रीय कायद्याने सांगितलेच आहे. तेवढे शिक्षण आणि वर तज्ज्ञाची देखरेख असली म्हणजे भय कसले? देखरेखीवाचून मात्र एकही सहायक नेमता कामा नये. स्वस्तातला तज्ज्ञ म्हणून त्यास वापरण्याचा मोह शासनास होईल, हे आम्ही जाणून आहोत.

२०१४ साली पालघर जिल्हा वेगळा झाला, तरी वसईच्या रुग्णास ठाण्याच्या मनोरुग्णालयाची वाट चुकलेली नाही. शासनाने पहिली तुकडी तेथेच घ्यावी, तीत वसई-पालघरची मुलेमुली असावीत, आणि शिक्षणाचे शेवटचे काही महिने त्यांनी रुग्णालयाच्या भिंतीआड न काढता बऱ्या झालेल्या रुग्णाबरोबर सातिवलीच्या गाळ्यात, त्याच्या शेजारच्या स्टुलावर बसून काढावेत.