‘पुरे’ कुणी म्हणायचं?

“मुकं जनावर आहे ते, खाऊ दे की!”

ज्या घरात मांजर आहे त्या घरात हे वाक्य दिवसातून एकदा तरी ऐकू येतं. बोलणारा प्रेमाने बोलतो, ऐकणाऱ्यालाही बरं वाटतं, आणि मांजराला तर फारच बरं वाटतं. ३६ वर्षं शाळेत मराठी शिकवलं, त्यामुळे वाक्य समोर आलं की त्याची फोड करायची खोड काही जात नाही. आज या वाक्याची करणार आहे. कारण माझ्या मते ते दिसतं तितकं दयाळू नाही.

आधी आमच्या गुंड्याची ओळख करून देते. रत्नागिरीतल्या आमच्या घरातला हा बोका. पिवळा, पांढऱ्या पोटाचा, वय वर्षं ७. पहाटे ५ वाजता ह्यांच्या छातीवर बसून दिवसाची पहिली हाक देतो. नाव घेऊन दहा वेळा बोलवा, कान हलणार नाही. पण फ्रीजचं दार उघडल्याचा आवाज त्याला माडीवर झोपेतसुद्धा ऐकू येतो. मासेवाली गल्लीच्या तोंडाशी असते तेव्हाच हा फाटकावर जाऊन बसलेला असतो, त्यामुळे ती आल्याचं आम्हाला त्याच्याकडून कळतं. शिंकं तुटायची वाट बघणारे बोके म्हणीतले. आमच्या बोक्याला तेवढा धीर नाही. पोळ्यांच्या डब्याचं झाकण नाकाने उचकटायची विद्या त्याने स्वतःच संपादन केली आहे.

आता वाक्याकडे वळू.

पहिला शब्द ‘मुकं’. गुंड्याला मुका म्हणणाऱ्याने आमच्याकडे एक रात्र राहून बघावं! २००९ साली इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठातल्या कॅरन मॅकोम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांजरांच्या घुरघुरण्यावर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. खायला मागताना काही मांजरं जे घुरघुरतात, त्यात नेहमीच्या घुरघुरीत मिसळलेला एक उंच, रडण्यासारखा सूर असतो, असं त्यांना आढळलं. तान्ह्या बाळाच्या रडण्याशी त्या सुराचं नातं लागतं. ज्यांनी कधी मांजर पाळलेलं नाही अशा माणसांनाही तो आवाज जास्त निकडीचा वाटला. म्हणजे ऐकणाऱ्याचं काळीज हलतं, ते उगीच नव्हे.

आपल्या पूर्वजांनी मांजराला ढोंगी ठरवून टाकलं. महाभारताच्या उद्योगपर्वात तपश्चर्येचं सोंग करून उंदीर खाणाऱ्या मांजराची गोष्ट आहे. महाबलीपुरमच्या सातव्या शतकातल्या त्या प्रचंड शिल्पातही दोन पायांवर उभं राहून तप करणारं मांजर आणि त्याच्या पायाशी उंदीर कोरलेले आहेत. पण गुंड्याचा अनुभव घेतल्यावर मला हा आरोप पटत नाही. त्याला कुणाला फसवायचं नसतं. कोणता सूर लावला की वाटी भरते हे त्याला अनुभवाने कळलं आहे, एवढंच. पाठ पक्का झाला तो घरातल्या माणसांनी दर वेळी शाबासकी दिली म्हणून. तेव्हा तो मुका तर नाहीच, उलट बोलण्यात आपल्यापेक्षा तरबेज आहे. मात्र त्याचं बोलणं भुकेचंच असतं असं नाही. कधी ते सवयीचं असतं, कधी कंटाळ्याचं, कधी नुसतं “माझ्याकडे बघा” असं असतं.

दुसरा शब्द ‘जनावर’. हा मात्र अगदी खरा आहे, आणि तोच आपण विसरतो. मांजर हे पक्कं मांसाहारी जनावर. एका उंदरातून त्याला साधारण ३० कॅलरी मिळतात. ४ किलोच्या घरगुती मांजराची दिवसाची गरज असते ढोबळमानाने २०० ते २५० कॅलरींची. म्हणजे शिकारीवर जगायचं तर दिवसाला सात-आठ उंदीर हवेत, आणि त्यासाठी कितीतरी फसलेल्या झडपा. थोडं थोडं, पुन्हा पुन्हा खाणं हा त्याचा स्वभावच. आपण दोन वेळा पान मांडून जेवणारी माणसं, म्हणून आपल्याला तो हावरटपणा वाटतो. त्यातून बोक्याची नसबंदी झाली की त्याची गरज कमी होते आणि भूक मात्र वाढते. उंदरामागे धावणं तर सुटलेलंच. मागणं रानातलं राहिलं आणि जगणं पेन्शनरांच्या घरातलं झालं!

आणि आपण खायला घालतो ते काय, तेही बघू. दूधपोळी हे मांजराचं पारंपरिक पक्वान्न. पण मोठ्या झालेल्या बऱ्याच मांजरांना दूध पचत नाही. टॉरिन नावाचं एक द्रव्य मांजराचं शरीर पुरेसं तयार करू शकत नाही, ते मांस-मासळीतूनच यावं लागतं. ते कमी पडलं तर मांजराचं हृदय दुर्बळ होतं, हे १९८७ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं. कांदा-लसूण तर मांजराला विषच, तेव्हा कालवणातला बांगडा ‘जरासा धुऊन’ देण्यातही अर्थ नाही. आणि श्रीखंडाची वाटी चाटायला देऊन “बघा कसं गोड आवडतं याला” म्हणणाऱ्यांनी ऐकून ठेवावं. मांजराला गोड चव कळतच नाही. गोडी ओळखणारं त्याचं एक जनुक निकामी झालेलं आहे, हे २००५ साली सिद्ध झालं. त्याला ओढ असते ती चक्क्यातल्या स्निग्धाची. गोड आपल्याला आवडतं, आणि कौतुक मात्र आपण त्याचं करतो.

आता राहिला तो शेवटचा ‘की’. व्याकरणात एवढासा, पण सगळं वाक्य त्याच्या खांद्यावर उभं आहे. घ्या की, बसा की, अजून एक वाढू द्या की! हा आग्रहाचा ‘की’. पंगतीत आग्रह करून वाढणं आपल्याकडे प्रेमाची खूण मानली जाते, आणि मलाही ती रीत आवडते. पण त्या रीतीचा दुसरा अर्धा भाग आपण लक्षात घेत नाही. पाहुणा पानावर आडवा हात धरतो आणि “पुरे” म्हणतो. आग्रह शोभतो तो या आडव्या हातामुळे. दोघांनी मिळून खेळायचा तो खेळ आहे. मांजराला हात आडवा धरता येत नाही. उद्या मिळेल की नाही याची खात्री नसलेल्या पूर्वजांचं शरीर त्याला मिळालं आहे. तेव्हा जो स्वतःहून थांबायची शक्यता कमी, त्याला आग्रह करण्यात प्रेम कमी आणि आपली हौस जास्त. त्याच्या वाटणीचं ‘पुरे’ आपल्यालाच म्हणावं लागतं.

हे लिहायला सोपं आहे. आमच्या घरात ते सोपं गेलं नाही, आणि त्याचं कारण गुंड्या नव्हता.

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गुंड्याला जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं तेव्हा काट्यावर ६ किलो ८०० ग्रॅम भरला. बरगड्या हाताला लागत नव्हत्या. वाकून पाठ चाटता येत नसल्याने पाठीवर केसांचे गठ्ठे झाले होते. खिडकीत उडी मारणं त्याने सोडून दिलं होतं. डॉक्टरांनी जंत, थायरॉइड वगैरे तपासून बघितलं, कारण मोठ्या वयात मांजराची भूक एकाएकी वाढली तर त्यामागे दुखणंही असू शकतं. तसं काही निघालं नाही, पण रक्तातली साखर काठावर होती. लठ्ठ बोक्यांना मधुमेह होण्याचा धोका जास्त, आणि झाला तर बहुधा रोज दोनदा इन्शुलिनची सुई. ती देणार कोण? सत्तरी ओलांडलेली मी, की माझ्याहून पाच वर्षांनी मोठे असलेले आणि हात थरथरणारे हे?

ह्यांना स्वतःला २०१९ पासून मधुमेह आहे. चहातली साखर गेली, लाडू गेले, आणि रत्नागिरीत राहून हापूस एका फोडीवर आला. डॉक्टरांचं सांगणं ऐकून हे घरी आले आणि मला म्हणाले, “माझं तोंड बांधलंत ते बांधलंत. त्याचं तरी मोकळं राहू द्या.”

या बोलण्याला हसून चालणार नव्हतं. मुलगा पुण्यात, मुलगी परदेशात. गुडघ्यांमुळे ह्यांचं बाजारात जाणंही सुटलेलं. एके काळी ज्या माणसाकडे दिवसभरात पन्नास जण काही ना काही मागायला यायचे, त्याच्याकडे आता हक्काने मागणारा एकच जीव उरला होता. त्याला “नाही” म्हणायचं, म्हणजे आपली शेवटची गरज संपवून टाकायची. दिवसभर मांजराला भरवत बसणारी अशी आजी-आजोबा मंडळी मी बरीच पाहिली आहेत. “डोकं फिरलंय का, मारून टाकाल त्याला,” असं त्यांना फटकारणारी मुलं-सुना मला बरोबर वाटत नाहीत. भरवणाऱ्याचा हात झटकून प्रश्न सुटत नाही.

म्हणून मी मोजमाप माझ्या हातात घेतलं नाही, ह्यांच्या हातात दिलं. स्वयंपाकघरातला छोटा वजनकाटा आणि एक स्टीलचा डबा त्यांच्या टेबलावर ठेवला. डॉक्टरांनी ठरवून दिलेलं दिवसाचं खाणं सकाळी मोजून त्या डब्यात भरायचं. मग दिवसभर कुणीही, कितीही वेळा द्यावं, पण द्यायचं ते त्या डब्यातलंच. डबा रिकामा, की दिवस संपला. अट एवढीच, की डब्याचा मालक एक. काही दाणे हे घरभर लपवून ठेवतात, म्हणजे ते शोधायला गुंड्याला हिंडावं लागतं. मासळी आणली तर मीठ-मसाला न घालता उकडलेला एक तुकडा, आणि तेवढं वजन डब्यातून वजा. सगळा हिशेब एका वहीत.

एक सावधगिरी मात्र मुद्दाम सांगते, कारण उत्साही माणसं उपासावर उतरतात. लठ्ठ मांजराला कधीही उपाशी ठेवू नये. दोन-तीन दिवस जरी पोटात काही गेलं नाही, तरी चरबी यकृतात साठून ते जिवावर बेतू शकतं. वजन उतरवायचं ते डॉक्टरांच्या सल्ल्याने आणि हळूहळू.

दहा महिन्यांनी गुंड्या ५ किलो ६०० ग्रॅमवर आला आहे. अजून अर्धा-पाऊण किलो जायचं आहे. साखर आता ठीक आहे. खिडकीत उडी मारतो, पाठ स्वतः चाटतो. मागणं मात्र तिळभर कमी झालेलं नाही. संध्याकाळी डबा रिकामा झाल्यावर तो सूर लागतो आणि ह्यांचा चेहरा कसनुसा होतो. मग हे कंगवा काढतात आणि त्याला मांडीवर घेऊन बसतात. बऱ्याच वेळा तेवढ्यावर भागतं, प्रत्येक वेळी नाही. ज्या दिवशी भागत नाही त्या दिवशी तो रडतो आणि हे ऐकून घेतात. प्रेमाचा हा भाग कठीण आहे, आणि तो मांजरापेक्षा माणसाला जड जातो.

यावर दोन आक्षेप मी ऐकलेले आहेत. एक म्हणजे, “माणसांना खायला मिळत नाही आणि तुम्ही मांजराचा आहार मोजता!” मला हे उलटं वाटतं. मोजून देण्यात चैन कसली? न मोजता ओतणं ही चैन. दुसरा, “किती दिवसांचं ते आयुष्य, सुखाने खाऊन मरू दे.” घरात नीट सांभाळलेलं मांजर १५ वर्षंसुद्धा जगतं. सातव्या वर्षी आयुष्य संपत आलेलं नसतं, ते मध्यावर असतं. आणि लठ्ठ मांजर खाऊन सुखाने मरत नाही. ते सांधे दुखत, उडी मारता न येता, स्वतःचं अंग साफ करता न येता बरीच वर्षं काढतं. मांजराला आपलं अंग चाटता न येणं म्हणजे काय, याची कल्पना करून बघा.

मे महिन्यात आमच्याकडे येणाऱ्या मंडळींना एवढंच सांगणं, की गुंड्याला भरवायची हौस जरूर भागवा. डबा ह्यांच्याकडे मागा. चार-चार दाण्यांनी दहा वेळा द्या, त्याला संख्या कळते, वजन कळत नाही! आणि आंबरस, पुरणपोळी, उकडीचे मोदक यांचा आग्रह मी तुम्हालाच करीन. तुम्हाला “पुरे” म्हणता येतं.